सव्वाचार तास

जिल्ह्याचा इतिहास म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, सनदा आणि बखरी येतात. साताऱ्याचं नाव काढलं की अजिंक्यतारा आणि बेचाळीसचं प्रतिसरकार आठवतं. सांगली म्हटलं की पटवर्धनांचं संस्थान, कृष्णेचा घाट आणि हळदीची पेठ. मी आज ज्या कागदांविषयी बोलणार आहे, त्यांना मोडी वाचता यावी लागत नाही. ते आपल्या जिल्हा न्यायालयांच्या दप्तरात आहेत आणि त्यांतले काही पुढे मुंबईला, दिल्लीला जाऊन छापील निकालांच्या पुस्तकांत बसले आहेत. हे कागद म्हणजे मोटार अपघातांचे दावे. आपल्या भागातले लोक त्यांना एका शब्दात ‘क्लेम’ म्हणतात.

मी इतिहासाचा विद्यार्थी, वकील नव्हे. पण रस्त्यानं एखाद्या मुलखाचं काय केलं, हे या क्लेमच्या कागदांतून जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही. शिरवळपासून खंबाटकी, भुईंज, सातारा, उंब्रज, कराड आणि पुढे वाळवा तालुक्यातल्या कासेगाव, पेठनाक्यापर्यंत हा पुणे-बंगळूर रस्ता दोन्ही जिल्ह्यांना शिवतो. पूर्वी त्याचा क्रमांक चार होता, आता तो अठ्ठेचाळीस आहे. याच रस्त्यानं आपला गूळ, साखर, बेदाणा मुंबईला गेला आणि याच रस्त्यानं घरोघरची माणसं जायबंदी होऊन परत आली.

आता, ट्रकखाली सापडलेल्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना पैसे मागण्याचा हक्क केव्हापासून आहे? आपल्याला वाटतं तो फार जुना नाही. इंग्रजांनी १८५५ साली प्राणघातक अपघातांचा एक कायदा केला. त्या वेळी आपल्याकडे आगगाडी नुकतीच धावू लागली होती, मोटारीचा जन्मही झाला नव्हता. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस मेला तर त्याची बायको, नवरा, आईबाप आणि मुलं दावा करू शकतील, एवढं त्या कायद्यानं मान्य केलं. पण दावा दिवाणी कोर्टात लावायचा, रकमेच्या प्रमाणात स्टँप भरायचा आणि चूक सिद्ध करायची. दक्षिण साताऱ्यातल्या एखाद्या कुळाच्या विधवेनं हे सगळं करावं, ही अपेक्षाच व्यर्थ होती. (आजचा सांगली जिल्हा १९४९ पासून १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई.)

पुढे १९३९ साली मोटार वाहन कायदा आला. त्यातली तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती मात्र १ जुलै १९४६ पासून अमलात आली. म्हणजे गाडी रस्त्यावर आणायची तर तिच्यामुळे इजा होणाऱ्या परक्या माणसासाठी विमा उतरवलाच पाहिजे. हा मोठाच बदल होता. त्याआधी ट्रकमालकाकडे पैसे असतील तर मिळायचे, नाहीतर कोर्टाचा हुकूमनामा घडी घालून पेटीत ठेवायचा. त्यानंतर १९५६ च्या दुरुस्तीनं राज्यांना अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमण्याची मुभा दिली. दावा करण्याची मुदत आधी अवघी साठ दिवसांची होती. १९६९ मध्ये ती सहा महिने झाली. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला साठ दिवसांत दावा लावायला सांगणारा कायदा कोणत्या माणसाला समोर ठेवून लिहिला असेल, याचा विचार आपण करावा.

न्यायाधिकरणं आली तरी दोन अडचणी राहिल्या. पहिली स्टँपची. हरियाणात एसटीच्या गाडीखाली गेलेल्या एका माणसाच्या बायकोनं आणि मुलीनं, आम्ही गरीब आहोत, आम्हाला कोर्ट फी माफ करा, अशी विनंती केली. ती मिळू नये म्हणून खुद्द राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला चांगलंच सुनावलं आणि दिवाणी कोर्टात गरिबाला मिळणारी सवलत इथेही मिळेल, असं ठरवलं. दुसरी अडचण चुकीच्या पुराव्याची. १९७७ मध्ये मुंबईच्या एका लॉरीच्या अपघातावरून सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वेगळं न्यायाधिकरण नेमलं म्हणून चालकाची हयगय सिद्ध करण्याची गरज संपत नाही. आता रात्री दोन वाजता घाटात घडलेल्या अपघाताचा साक्षीदार आणायचा कुठून? जो साक्षीदार तोच बहुधा गेलेला, आणि जो वाचला तो समोरच्या ट्रकचा ड्रायव्हर.

यावर उपाय म्हणून संसदेनं १ ऑक्टोबर १९८२ पासून एक नवी तरतूद अमलात आणली. चूक कोणाची हे न विचारता, मृत्यूबद्दल १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल साडेसात हजार रुपये लगेच द्यायचे. मुख्य दावा नंतर सावकाश चालेल, त्यात ही रक्कम वळती होईल, पण चूल आज पेटली पाहिजे. ठोकरून पळून गेलेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही तर सरकारी निधीतून मृत्यूला पाच हजार आणि गंभीर दुखापतीला एक हजार. रकमा लहान होत्या, पण तत्त्व मोठं होतं. या १५ हजारांसाठीच आपल्या सातारा जिल्ह्यातला एक दावा दिल्लीपर्यंत गेला आणि त्यानं देशाचा कायदा घडवला.

तारीख २९ ऑक्टोबर १९८७. पहाटे तीनचा सुमार. पुण्याकडून बंगळूरकडे निघालेला पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा मालट्रक यांची महामार्गावर कवठे गावाजवळ टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून सुमारे वीस फुटांवर डाव्या अंगावर कलंडला. आतलं पेट्रोल गळू लागलं आणि आसपास साचलं. उजाडलं तशी माणसं जमली. सकाळी सव्वासातच्या सुमारास टँकरचा स्फोट झाला आणि आगीचा लोळ उठला. जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले, काही दगावले. त्यांत एक अगदी तरुण मुलगा होता. त्याच्या आईनं साताऱ्याच्या न्यायाधिकरणात दावा दाखल केला आणि त्यातच चुकीच्या पुराव्याविना मिळणारे ते १५ हजार रुपये मागितले. निकालांच्या पुस्तकात तिचं नाव छापलेलं आहे. पण ते तिनं हौसेनं छापून घेतलेलं नाही, म्हणून मी इथे घेत नाही.

टँकरचे मालक आणि विमा कंपनी यांचं म्हणणं काय होतं? कायद्यात शब्द आहेत, ‘मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात’. टक्कर तीन वाजता झाली. तिथेच टँकरचा वापर संपला. त्यानंतर तो वाहन राहिला नाही, रस्त्याकडेला पडलेली पेट्रोलची टाकी झाला. स्फोट सव्वाचार तासांनी झाला, आणि तोही लोक पेट्रोल नेण्याची खटपट करत असताना. मग त्या स्फोटाचा मोटारीच्या वापराशी संबंध काय? साताऱ्याच्या न्यायाधिकरणाला हे पटलं. आईचा अर्ज फेटाळला गेला.

ती थांबली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निकाल फिरवला. त्यावर दोन न्यायमूर्तींपुढे अपील झालं, तेही तिच्या बाजूनं लागलं. मग समोरचे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ हजार रुपयांसाठी विमा कंपनीनं चार पायऱ्या चढाव्यात, हे वरवर विचित्र वाटतं. पण कंपनीला या एका दाव्याची चिंता नव्हती. ‘वापर’ या शब्दाची सीमा कुठे आखली जाते, यावर त्या सकाळचे बाकीचे दावे आणि पुढचे असंख्य दावे अवलंबून होते.

जुलै १९९१ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती एस. सी. अग्रवाल यांनी तो लिहिला. त्यांचा युक्तिवाद साध्या मराठीत सांगायचा तर असा: वाहन चालत असेल तेव्हाच ते वापरात असतं असं नाही. बिघाडानं, अपघातानं किंवा इतर कारणानं ते बंद पडून उभं असलं, तरी वापर चालूच असू शकतो. दुसरं म्हणजे, कायद्यानं ‘वापरामुळे घडलेला’ असे घट्ट शब्द न घेता ‘वापरातून उद्भवलेला’ असे सैल शब्द घेतले आहेत. म्हणजे कारण आणि परिणाम यांची गाठ थोडी लांबची असली तरी चालते. इथे ऑस्ट्रेलियातल्या १९६६ सालच्या एका निकालाचाही आधार घेतला गेला. टक्कर झाली म्हणून टँकर कलंडला, कलंडला म्हणून पेट्रोल गळलं, गळलं म्हणून स्फोट झाला. मध्ये चार तास गेले म्हणून ही साखळी तुटत नाही. आणि ही तरतूद संकटात सापडलेल्यांसाठी केलेली आहे, तिचा अर्थ लावताना ते विसरता येणार नाही. आईचा १५ हजारांचा हक्क कायम झाला.

‘वापर’ या शब्दाची ही ओढाताण केवळ आपल्याकडचीच नाही. १९५९ साली इंग्लंडमध्ये एकानं आपली बिघडलेली मोटार घरासमोर रस्त्यावर उभी करून ठेवली होती. ती चालू होणंच शक्य नव्हतं. तरी ती रस्त्यावर वापरात आहे आणि तिचा विमा हवा, असं तिथल्या कोर्टानं ठरवलं होतं. पण मोटार दारात उभी असणं वेगळं आणि पहाटे पेट्रोल सांडत पडलेला टँकर वेगळा. आज देशात कुठेही उभ्या ट्रकमुळे, कलंडलेल्या टँकरमुळे, बंद पडलेल्या कंटेनरमुळे माणूस जायबंदी झाला की वकील जो निकाल काढतात, तो हा आपल्या कवठ्याचा.

श्रोतेहो, एका बाबतीत मात्र कायदा ट्रकमधल्या गरीब माणसाला अजूनही पुरेसा पोचलेला नाही. आपल्या भागात मालट्रक हे माल वाहण्याचंच साधन कधी नव्हतं. लग्नाचं वऱ्हाड, पंढरीची वारी, बाजार, ऊसतोड, सगळं ट्रकमधून आणि टेम्पोमधून चालत आलं. पण विमा असतो मालाच्या गाडीचा. हौद्यात बसलेला माणूस कायद्याच्या लेखी कोण? १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं असा फुकट बसलेला प्रवासीही विम्यात येतो असं म्हटलं होतं. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल रद्द ठरवला. १४ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मालाचा मालक किंवा त्यानं पाठवलेला माणूस मालाबरोबर बसला असेल तर तो विम्यात येतो. ड्रायव्हर, क्लीनर आणि गाडीमालकानं कामावर घेतलेले हमाल यांनाही संरक्षण आहे. पण रस्त्यात हात करून चढलेला मजूर सर्वसाधारणपणे त्यात येत नाही.

याची किंमत आपण पाहिलेली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तासगाव तालुक्यात फरशा भरलेला ट्रक उलटला. वर बसलेले मजूर त्याच फरशांखाली सापडले, किमान दहा जण गेले. एप्रिल २०१८ मध्ये विजापूर भागातले मजूर घेऊन शिरवळकडे निघालेला टेम्पो खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या वळणावर उलटला आणि किमान सतरा जण गेले. ही माणसं हौसेनं मालाच्या गाडीत बसत नाहीत. अशा वेळी विमा कंपनीनं हात वर केले तर मालकाविरुद्ध हुकूम होतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. पण मालकाकडे कर्जावर घेतलेला एकच ट्रक असेल तर वसुली कशातून करायची? म्हणजे आपण फिरून १९४६ च्या आधीच्याच जागी येतो.

आता जखमी माणसाच्या हिशेबाकडे वळू. माणूस गेला तर त्याच्या मिळकतीचा हिशेब करायची रीत १९४२ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानं वेल्समधल्या एका खाणकामगाराच्या प्रकरणात वापरली. वर्षाची मिळकत घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायची. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये तिच्यावर शिक्का मारला आणि २००९ मध्ये वयाप्रमाणे गुणकांचा तक्ताच दिला. पंचविशीपर्यंत १८, तिशीपर्यंत १७, पस्तिशीपर्यंत १६, असा तो उतरत जातो.

पण जो वाचला, त्याचं काय? त्याचा हात गेला तर डॉक्टर दाखला देतात, अमुक टक्के अपंगत्व. ऑक्टोबर २०१० मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं फार महत्त्वाचं सांगितलं, की दाखल्यातले टक्के आणि कमाई बुडण्याचे टक्के एक नव्हेत. डावा हात गेला तर दाखल्यावर साठ टक्के येतील. पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित तेवढी बुडणार नाही. एक उदाहरण घेऊ. बत्तीस वर्षांचा गवंडी, महिन्याला बारा हजार मिळवणारा. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानं स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले, म्हणजे २ लाख १ हजार ६००. कमाई निम्म्यानं बुडाली असं ठरलं तर १ लाख ८००. त्याला सोळानं गुणलं की १६ लाख १२ हजार ८०० रुपये. दवाखाना, शुश्रूषा, वेदना यांचे पैसे याशिवाय वेगळे. आणि त्या गवंड्याकडे मजुरीचा एकही कागद नसेल, तर बारा हजारांचे आठ हजार होतात आणि पुढचा सगळा हिशेब खाली येतो. म्हणून मुकादमाची वही, बँकेचं पासबुक, ठेकेदाराची चिठ्ठी हे कागद जपावेत.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाला फार उपयोगी पडली. पूर्वी जिथे अपघात झाला तिथेच दावा लावावा लागे. जतचा माणूस ठाण्याजवळ जखमी झाला तर त्यानं तारखेला तिकडे जायचं. १९९४ च्या दुरुस्तीनं जखमी माणूस राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावायची सोय झाली. त्याच दुरुस्तीनं मुदतीची अटही काढून टाकली होती. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत लावायचा आहे. १९६९ साली जी मुदत होती, तिथेच गाडं पुन्हा येऊन थांबलं. ही गोष्ट आपल्या ओळखीतल्या प्रत्येकाला सांगावी, कारण पूर्वीच्या माहितीवर विसंबून अनेक जण हाडं जुळेपर्यंत थांबतात.

त्याच तारखेपासून चूक न विचारता मिळणारी रक्कम मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख झाली. ठोकरून पळालेल्या गाडीसाठी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. आकडे वाढले, हे चांगलंच. पण एक फरक नीट पाहा. १९८२ ची रक्कम हातात घेऊन पुढचा दावा चालवता येत असे. कवठ्याच्या आईनं तेच केलं होतं. आजचे पाच लाख आणि अडीच लाख हा वेगळा पर्याय आहे. तो घेतला की मोठा दावा सोडावा लागतो. वरच्या उदाहरणातल्या गवंड्यानं अडीच लाखांवर सही केली तर तो सोळा लाखांवर पाणी सोडतो. घरात पैसा नसताना समोर आलेला कागद वाचायला धीर लागतो. तो धीर आपण शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी द्यायचा असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयात आहे. तिथे गरजूंना वकील विनामूल्य मिळतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता देण्याची केंद्राची योजना लागू झाली आहे. तिचा लाभ घेतला म्हणून दाव्याचा हक्क जात नाही.

या सगळ्या इतिहासाकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. कायदे दिल्लीत झाले हे खरं, पण त्यांतल्या शब्दांना अर्थ दिला तो तारखांना एसटीनं येणाऱ्या, न्यायालयाच्या व्हरांड्यात डबा सोडणाऱ्या माणसांनी. आपल्या मुलाचा जीव आणि ती पहाटेची टक्कर यांच्यामधले सव्वाचार तास एका आईनं मान्य केले नाहीत, म्हणून ‘वापर’ या शब्दाचा अर्थ रुंदावला. किल्ल्यांची डागडुजी करतो, तशी या दप्तरांचीही राखण झाली पाहिजे. आणि हौद्यात हात करून चढणाऱ्या मजुराला विमा मिळेल अशी दुरुस्ती झाली, तर कवठ्यापासून सुरू झालेलं काम आणखी एक पाऊल पुढे जाईल.